हिमभूमीचा सेनापती

युरोप खंडाच्या उत्तर भागात फिनलंड नावाचा एक लहानसा देश आहे. घनदाट सूचिपर्णी अरण्ये आणि हजारो सरोवरे यांनी त्याची भूमी व्यापलेली आहे. येथील हिवाळा दीर्घ आणि अतिशय कडक असतो. सरोवरे गोठून दगडासारखी कठीण होतात, पायवाटा बर्फाखाली नाहीशा होतात आणि भुसभुशीत हिमातून चालू पाहणाऱ्याचे पाय मांडीपर्यंत रुततात. अशा मुलखात हिंडण्यासाठी तेथील लोक फार प्राचीन काळापासून स्की वापरत आले आहेत. स्की म्हणजे माणसाच्या उंचीहूनही लांब, अरुंद आणि पुढच्या टोकाशी वर वळवलेल्या लाकडी पट्ट्या. त्या पायांत अडकवून आणि हातांतील काठ्यांनी रेटा देत मनुष्य बर्फावरून वेगाने घसरत जातो. शेतकरी, लाकूडतोडे, शिकारी आणि शाळेत जाणारी मुलेसुद्धा तेथे स्कीवरून सहज ये-जा करीत असत.

इ. स. १९३९ च्या हिवाळ्यात या देशावर मोठे संकट कोसळले. त्या वेळी फिनलंडच्या सैन्याची धुरा बहात्तर वर्षांच्या एका वृद्ध सेनापतीने वाहिली. कार्ल गुस्ताफ एमिल मॅनरहाइम हे त्यांचे नाव.

मॅनरहाइम यांचा जन्म ४ जून १८६७ रोजी नैर्ऋत्य फिनलंडमधील लोउहिसारी येथील वाड्यात एका सरदार घराण्यात झाला. फिनलंड त्या काळी रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता. घराणे मोठे असले तरी लहानग्या गुस्ताफच्या वाट्याला सुख फार दिवस आले नाही. वडिलांचे दिवाळे निघाले आणि ते कुटुंब सोडून पॅरिसला निघून गेले. त्या आघातानंतर थोड्याच दिवसांनी, इ. स. १८८१ मध्ये, आईही मृत्यू पावली. सात भावंडे नातेवाइकांच्या घरी विखुरली गेली. गुस्ताफ तेव्हा अवघा तेरा वर्षांचा होता. त्याचा सांभाळ करण्याची जबाबदारी मामांवर आली.

मामांनी त्याला हामिना येथील लष्करी विद्यालयात घातले. मुलगा हुशार होता, पण हूडही तितकाच होता. एकदा तो परवानगीवाचून रात्री विद्यालयाबाहेर राहिला आणि त्यामुळे इ. स. १८८६ मध्ये त्याचे नाव पटावरून काढून टाकण्यात आले. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. त्याने नेटाने अभ्यास केला, पुढच्याच वर्षी प्रवेशपरीक्षा दिली आणि सेंट पीटर्सबर्ग येथील घोडदळाच्या प्रसिद्ध विद्यालयात प्रवेश मिळवला. तेथून तो उत्तम गुणांनी बाहेर पडला.

यानंतरची सुमारे तीस वर्षे मॅनरहाइम यांनी रशियाच्या सैन्यात काढली. ते निष्णात घोडेस्वार होते. इ. स. १९०४ मध्ये रशिया व जपान यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा ते आपणहून रणांगणावर गेले. त्यानंतर इ. स. १९०६ ते १९०८ या काळात त्यांनी घोड्यावरून मध्य आशिया ओलांडून थेट पेकिंगपर्यंत प्रवास केला. वरवर पाहता हा एका अभ्यासकाचा प्रवास होता. प्रत्यक्षात रशियाच्या सैन्यासाठी माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्यावर सोपवलेले होते. त्यांनी दोन्ही कामे मन लावून केली. वाटेतील नद्या, घाट आणि गावे यांची मोजमापे घेतली, नकाशे काढले, जुनी हस्तलिखिते मिळवली. तिएनशान पर्वतातील मुझार्तची हिमनदी त्यांनी ओलांडली. चीनमधील वुताई पर्वतावर त्यांनी तेराव्या दलाई लामांची भेट घेतली आणि त्यांना आपले पिस्तूल भेट म्हणून दिले. भूमी, हवामान आणि माणसे यांची बारकाईने माहिती घेण्याची जी सवय त्यांना या प्रवासात जडली, ती पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

इ. स. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि झारचे साम्राज्य मोडून पडले. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंडने आपले स्वातंत्र्य घोषित केले. पन्नाशीचे मॅनरहाइम मायदेशी परतले. पण स्वातंत्र्याचा आनंद पुरता भोगण्याआधीच देशात यादवी माजली. कामगारांचा ‘लाल’ पक्ष आणि सरकारचा ‘पांढरा’ पक्ष यांच्यात जानेवारी ते मे १९१८ या काळात घोर युद्ध झाले. पांढऱ्या सैन्याचे सेनापती मॅनरहाइम होते. त्यांचा पक्ष विजयी झाला. परंतु शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता. दोन्ही पक्षांनी निःशस्त्र माणसांचे प्राण घेतले होते. युद्ध संपल्यावर लाल पक्षाचे बारा हजारांहून अधिक कैदी छावण्यांत उपासमारीने व रोगराईने मेले. देशाच्या अंगावरची ही जखम पुष्कळ वर्षे भरून आली नाही. कित्येक घरांत मॅनरहाइम हे नाव आदराने घेतले जाई, तर कित्येक घरांत ते संतापाने उच्चारले जाई.

इ. स. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला आणि ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. त्यांची थोरली बहीण सोफी हिने लंडन येथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विद्यालयात परिचर्येचे शिक्षण घेतले होते आणि फिनलंडमध्ये परिचर्येची नवी पद्धत रुजवली होती. तिच्या सहकार्याने मॅनरहाइम यांनी इ. स. १९२० मध्ये बालकल्याणासाठी एक संस्था स्थापन केली. युद्धाने अनाथ झालेल्या व दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलांना या संस्थेने हात दिला. मुलाचा बाप कोणत्या पक्षाकडून लढला होता, याचा विचार तेथे होऊ नये, असा तिचा हेतू होता. ही संस्था आजही कार्य करीत आहे.

इ. स. १९३१ मध्ये मॅनरहाइम देशाच्या संरक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि इ. स. १९३३ मध्ये त्यांना फील्ड मार्शल हा किताब मिळाला. सैन्याची स्थिती पाहून त्यांना चिंता वाटे. तोफा थोड्या होत्या, विमाने थोडी होती, रणगाडे तर नावापुरतेच होते. त्यांनी पुनःपुन्हा पैसा मागितला. सरकारने बहुधा हात आखडता घेतला. मात्र याच काळात एक महत्त्वाची सुधारणा झाली. युद्धाच्या वेळी सैन्य उभारताना एका परगण्यातील माणसे एकाच पलटणीत घ्यावीत, अशी व्यवस्था करण्यात आली. त्यामुळे शेजारी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून लढणार होता. यादवीच्या काळात ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, ते तरुण आता एकाच रांगेत उभे राहणार होते. लोकांनीही जुने वैर विसरावे, इ. स. १९१८ मध्ये कोण कोणत्या बाजूला होता हे आता विचारू नये, असे मत मॅनरहाइम यांनी इ. स. १९३३ मध्ये जाहीरपणे मांडले.

इ. स. १९३९ च्या शरद ऋतूत सोव्हिएट रशियाने फिनलंडकडे काही प्रदेश व बेटे मागितली. लेनिनग्राड हे रशियाचे महानगर फिनलंडच्या सरहद्दीपासून सुमारे तीस किलोमीटरच दूर होते. त्याच्या सुरक्षिततेसाठी ही भूमी हवी, असे रशियाचे म्हणणे होते. सैन्य दुबळे आहे, तेव्हा थोडा प्रदेश देऊन तडजोड करावी, असा सल्ला मॅनरहाइम यांनी दिला. सरकारला तो मानवला नाही. आपल्या शब्दाला मोल नाही हे पाहून मॅनरहाइम यांनी पदत्यागाची तयारी केली. इतक्यात ३० नोव्हेंबर १९३९ रोजी रशियाच्या विमानांनी हेलसिंकीवर बॉम्ब टाकले आणि सरहद्दीवर रणगाडे धडकले. मॅनरहाइम यांनी मानापमान बाजूला ठेवला आणि त्याच दिवशी सरसेनापतिपद स्वीकारले.

दोन्ही पक्षांच्या बळात जमीन-अस्मानाचे अंतर होते. फिनलंडची लोकसंख्या सदतीस लाखांच्या आसपास होती. रशियाची सुमारे सतरा कोटी. पहिल्याच हल्ल्यात रशियाने साडेचार लाखांच्या आसपास सैनिक उतरवले. फिनलंडच्या कित्येक सैनिकांना गणवेशही मिळाला नव्हता. कमरेचा पट्टा आणि टोपीवरचे राष्ट्रीय चिन्ह एवढेच सरकारने दिले. बाकीचे कपडे ज्याने त्याने आपल्या घरचे आणले होते. आपापल्या स्कीही पुष्कळांनी घरूनच आणल्या.

सरहद्द फार लांब होती. दक्षिणेस समुद्र आणि लाडोगा सरोवर यांच्यामध्ये कारेलियाची चिंचोळी भूपट्टी होती. तेथे खंदक, लाकडी मोर्चे आणि थोड्या काँक्रीटच्या कोठ्या यांची फळी उभारलेली होती. लोक तिला मॅनरहाइम यांचेच नाव देत. लाडोगाच्या उत्तरेला मात्र आर्क्टिक समुद्रापर्यंत जवळजवळ हजार किलोमीटर अरण्यच अरण्य होते. इतक्या लांब सरहद्दीवर भिंत बांधणे शक्य नव्हते. तेथे स्कीवर चालणारे सैनिक हीच फिनलंडची भिंत झाली.

हे सैनिक बंदूक पाठीवर टाकून झाडीतून आवाज न करता येत. अंगावर पांढरे झगे असल्यामुळे ते बर्फात दिसत नसत. त्यांच्या बुटांची टोके वर वळलेली असत. ती स्कीवरच्या चामडी वादीत अडकत आणि पाय मागे ओढताच चटकन सुटत. त्यामुळे क्षणात स्की काढून जमिनीवर पडता येई आणि क्षणात पुन्हा त्यांवर चढता येई. होडीच्या आकाराच्या घसरगाड्या ते दोरांनी ओढत. जाताना त्यांत दारूगोळा आणि मशीनगन असे, येताना जखमी सोबती असे. रात्री ते तंबूत शेगडी पेटवून झोपत. एका तंबूत सुमारे वीस जण मावत आणि एक जण आळीपाळीने जागून विस्तव सांभाळी. थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरली, तेव्हा या साध्या तंबूंनी हजारोंचे प्राण वाचवले. स्वयंसेविकांची एक मोठी संघटना सैन्याच्या पाठीशी होती. स्वयंपाक, जखमींची शुश्रूषा आणि आकाशातील विमानांवर नजर ठेवणे ही कामे त्या करीत.

हे कौशल्य मॅनरहाइम यांनी निर्माण केले नव्हते. ते तेथील शेतकऱ्यांचे आणि लाकूडतोड्यांचे होते. त्याचा उपयोग केव्हा आणि कोठे करावा, हे ठरवणे सेनापतीचे काम होते. डिसेंबर उजाडताच लाडोगाच्या उत्तरेकडून वाईट बातम्या येऊ लागल्या. शत्रू अनपेक्षित वेगाने आत घुसत होता. मॅनरहाइम यांच्याजवळ राखीव सैन्य अगदी थोडे होते. ते भूपट्टीच्या रक्षणासाठी राखून ठेवावे असे कोणालाही वाटले असते. त्यांनी धोका पत्करला. त्यांनी कर्नल ताल्वेला यांना तोल्वायार्वीकडे आणि कर्नल सिलास्वुओ यांना सुओमुस्साल्मीकडे सैन्य देऊन पाठवले. १२ डिसेंबर रोजी तोल्वायार्वी येथे फिनलंडला पहिला मोठा विजय मिळाला आणि खचलेल्या देशाला धीर आला.

सुओमुस्साल्मीची लढाई याहून मोठी होती. रशियाच्या एका डिव्हिजनने ते गाव घेतले होते आणि तिच्या मदतीला राते येथून दुसरी डिव्हिजन येत होती. तिच्याजवळ रणगाडे, तोफा, मोटारी आणि घोडे असा मोठा सरंजाम होता. पण हा सारा सरंजाम अरण्यातील एकाच अरुंद रस्त्यावर अडकून पडला होता. सैनिक युक्रेनच्या मैदानी मुलखातून आणलेले होते. रस्ता सोडून झाडीत शिरणे त्यांना जमत नव्हते. सिलास्वुओ यांच्या सैनिकांनी गोठलेल्या सरोवरांवरून आणि झाडीतून स्कीच्या वाटा पाडल्या. त्यांनी रस्ता अडवून दोन्ही सैन्यांची ताटातूट केली, मग ठिकठिकाणी घाव घालून शत्रूच्या रांगेचे तुकडे केले. शत्रूची स्वयंपाकघरे आणि शेकोट्या ते आधी उद्ध्वस्त करीत. कारण गरम अन्न आणि ऊब गेली की त्या थंडीत सैन्याचे बळच जाते. वेढलेल्या अशा तुकड्यांना ते ‘मोट्टी’ म्हणत. फिनिश भाषेत हा शब्द मुळात मोजून रचलेल्या सरपणाच्या राशीचा आहे. झाड तोडून त्याचे ओंडके पाडून रास रचणाऱ्या लाकूडतोड्यांना हा गनिमी कावा समजावून सांगावा लागला नाही. जानेवारी १९४० च्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या डिव्हिजनचाही पाडाव झाला. रस्त्याच्या कडेला हजारो रशियन तरुण थंडीने गोठून पडले होते. तेही कोणाचे तरी पुत्र होते, आणि आपण कोठे व कशासाठी आलो आहोत, याचीही त्यांतील कित्येकांना नीटशी कल्पना नव्हती.

या विजयांनी जग चकित झाले. मॅनरहाइम यांचे नाव देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकू लागले. अशा वेळी दुसरा एखादा सेनापती हुरळून गेला असता. मॅनरहाइम मिक्केली येथील मुख्य ठाण्यात बसून दररोज हिशेब मांडीत होते. किती माणसे पडली, किती तोफगोळे उरले, थकलेल्या पलटणींना विश्रांती कधी देता येईल, याचा तो हिशेब होता. अरण्यात स्की उपयोगी पडत होती. कारेलियाच्या उघड्या भूपट्टीवर हजारो तोफांच्या भडिमारापुढे तिचे काही चालणारे नव्हते. रशियाने नवा सेनापती नेमला, नवे सैन्य आणले आणि ११ फेब्रुवारी १९४० रोजी सुम्मा येथे तटबंदी फोडली. फिनलंडच्या सैनिकांना झोप मिळेनाशी झाली, दारूगोळा संपत आला. ब्रिटन व फ्रान्स यांनी सैन्य पाठवण्याची तयारी दाखवली. पण ते सैन्य थोडे होते, ते येण्यास उशीर लागणार होता, आणि नॉर्वे व स्वीडन त्याला वाट देण्यास तयार नव्हते.

तेव्हा मॅनरहाइम यांनी रणांगणावरच्या सेनानायकांचे मत घेतले आणि सरकारला तह करण्याचा सल्ला दिला. सैन्य अजून मोडलेले नाही. ते मोडण्यापूर्वीच तह झाला, तर देश उरेल, असा त्यांचा विचार होता. जो वृद्ध सेनापती साऱ्या जगाच्या कौतुकाचा विषय झाला होता, त्याने स्वतः शस्त्र खाली ठेवण्यास सांगावे, हे सोपे नव्हते. १३ मार्च १९४० रोजी, युद्धाच्या एकशे पाचव्या दिवशी, तोफा थांबल्या. फिनलंडचे सुमारे पंचवीस हजार सैनिक कामी आले होते. रशियाचे सव्वा लाखाहून अधिक सैनिक मृत्यू पावले. फिनलंडला आपल्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा द्यावा लागला आणि चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून यावे लागले. परंतु देशाचे स्वातंत्र्य राहिले.

त्याच वसंत ऋतूत मॅनरहाइम यांनी आणखी एक गोष्ट केली. इ. स. १९१८ च्या विजयाप्रीत्यर्थ दरवर्षी मे महिन्यात लष्करी संचलन होत असे. त्याऐवजी सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळावा, यादवीत दोन्ही बाजूंनी पडलेल्यांचेही त्यात स्मरण करावे, असा आदेश त्यांनी काढला. बर्फातील एकाच वाटेवर दोन्ही पक्षांचे पुत्र एकामागून एक गेले होते आणि एकत्र पडले होते. त्यानंतर विजयाचा तो जुना सोहळा करणे त्यांना उचित वाटले नाही.

मॅनरहाइम यांच्या पुढील आयुष्यात गौरवाबरोबर काळी बाजूही आहे. जून १९४१ मध्ये गेलेला प्रदेश परत मिळवण्यासाठी फिनलंड जर्मनीबरोबर पुन्हा युद्धात उतरला आणि जुन्या सरहद्दीपलीकडेही गेला. तेथे फिनलंडच्या ताब्यातील छावण्यांत काही हजार रशियन नागरिक भुकेने व रोगाने मरण पावले. सरसेनापती या नात्याने मॅनरहाइम यांच्यावर याचा बोल येतोच. इ. स. १९४४ च्या उन्हाळ्यात रशियाने प्रचंड हल्ला केला. तेव्हा देशाने सत्त्याहत्तर वर्षांच्या मॅनरहाइम यांना राष्ट्राध्यक्ष केले. त्यांनी जर्मनीशी संबंध तोडला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये रशियाशी युद्धविराम केला. अटी फार कठोर होत्या, तरी शत्रुसैन्य राजधानीत शिरले नाही आणि देश दुसऱ्यांदा वाचला. प्रकृती ढासळल्यामुळे मार्च १९४६ मध्ये त्यांनी पद सोडले. जानेवारी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. हेलसिंकी येथे आपल्या सैनिकांच्या कबरींजवळच त्यांनाही विश्रांतीची जागा मिळाली. त्यांचा जन्मदिवस, ४ जून, हा फिनलंडमध्ये सैन्याचा ध्वजदिन म्हणून पाळला जातो.

फिनलंडच्या हिवाळी युद्धापासून इतर राष्ट्रांनी पुष्कळ धडा घेतला. खुद्द रशियाने इ. स. १९४१ मध्ये मॉस्कोच्या रक्षणासाठी स्कीवर चालणाऱ्या अनेक पलटणी उभारल्या. अमेरिकेने डोंगरात व बर्फात लढणारी स्वतंत्र डिव्हिजन तयार केली आणि तिने इ. स. १९४५ मध्ये इटलीच्या पर्वतांत पराक्रम गाजवला. स्की, पांढरे झगे आणि शेगडीचे तंबू यांचा अभ्यास सर्वांनी केला. मॅनरहाइम यांचे मोठेपण समजण्यासाठी मात्र त्यांचे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावे लागतात. डिसेंबरमध्ये आपल्या माणसांच्या सामर्थ्यावर विश्वास ठेवून त्यांनी अखेरचे राखीव सैन्य अरण्यात पाठवले; मार्चमध्ये त्याच माणसांच्या सामर्थ्याची सीमा ओळखून त्यांनी त्यांना घरी परत आणले. पहिल्या निर्णयासाठी धैर्य लागले. दुसऱ्यासाठी त्याहून अधिक लागले.